लोकवर्गणीतील फसलेली उपकरणे

लोकवर्गणीतील फसलेली उपकरणे : इंटरनेटवर लोकवर्गणी (क्राउडफंडिंग) गोळा करून बनवायला घेतलेली, पण कधीच न बनलेली, अर्धवट राहिलेली किंवा बनूनही कोणाच्या उपयोगी न पडलेली यंत्रे व गॅजेट. इंडीगोगो (२००८) आणि किकस्टार्टर (२००९) ही अमेरिकी संकेतस्थळे सुरू झाल्यावर हा प्रकार ठळकपणे दिसू लागला. २०१२ ते २०१६ हा त्याचा भराचा काळ. स्मार्टफोनमुळे संवेदक, बॅटऱ्या आणि ब्लूटूथच्या चिपा स्वस्त झाल्या होत्या, त्रिमितीय छपाईमुळे (थ्रीडी प्रिंटिंग) घरबसल्या नमुना करता येत होता. त्यामुळे आपल्या डोक्यातली वस्तू आता फक्त पैशांवाचून अडली आहे, असे पुष्कळांना मनापासून वाटू लागले.

लोकांकडून थोडे थोडे पैसे घेऊन मोठे काम उभे करणे जुनेच आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा १८८५ साली जोसेफ पुलित्झर यांच्या वृत्तपत्राने वाचकांकडून एक लाखाहून अधिक डॉलर जमवून पुरा करवला. मात्र तो चौथरा कसा बांधायचा हे गवंड्यांना ठाऊक होते. उपकरणांच्या मोहिमांत अनेकदा तेच ठाऊक नसते.

व्यवहाराचे स्वरूप

उपकरणाचा कर्ता एक चित्रफीत, काही छायाचित्रे, वर्गणीचा आकडा आणि वस्तू घरपोच मिळण्याचा महिना जाहीर करतो. किकस्टार्टरवर ठरलेले उद्दिष्ट मुदतीत गाठले तरच वर्गणीदारांच्या खात्यातून पैसे कापले जातात. या मोहिमांच्या काळात इंडीगोगोवर उद्दिष्ट हुकले तरी जमलेली रक्कम घेण्याचा पर्याय उपलब्ध होता. किकस्टार्टर जमलेल्या रकमेचे ५ टक्के स्वतःकडे ठेवते, पैसे वळते करण्याचे शुल्क वेगळे. वर्गणीदाराला ग्राहकासारखी हमी मिळत नाही आणि भागधारकासारखा नफ्यातला वाटाही मिळत नाही. तोट्याची जोखीम तेवढी त्याच्या वाट्याला येते.

फसणाऱ्या मोहिमांपैकी बहुतेक फसतात त्या या व्यवहाराच्या क्रमामुळे. कारखानदार आधी वस्तूचा खर्च काढतो आणि मग किंमत लावतो. इथे किंमत पहिल्याच दिवशी लागते आणि खरा खर्च वर्ष-दोन वर्षांनी कळतो. टेबलावर चालणारा एक नमुना आणि खोक्यांत भरून पाठवायचे दहा हजार नग यांच्यामध्ये फार मोठे काम असते. प्लॅस्टिकच्या भागांसाठी हजारो डॉलरचे पोलादी साचे पाडावे लागतात, आणि साच्यात चूक राहिली तर पुन्हा खर्च व पुन्हा काही आठवडे. रेडिओलहरी वापरणाऱ्या यंत्राला देशोदेशीची प्रमाणपत्रे लागतात. लिथियम बॅटरी पाठवायची तर संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतील वाहतूक-चाचण्या पार कराव्या लागतात. सुटे भाग पुरवणारा ठरावीक संख्येखाली मागणी घेत नाही. शंभर नगांतले पंधरा बिघडलेले निघाले, तर त्यांचा खर्च उरलेल्या पंच्याऐंशींवर बसतो. यांतले काहीही चित्रफितीत दिसत नाही, आणि कर्त्यालाही बऱ्याचदा ते पहिल्यांदाच भेटत असते. म्हणूनच अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पैसे जमणे हेच अनेक मोहिमांच्या मुळावर आले. हजार नगांच्या हिशेबाने आखलेले काम पन्नास हजारांवर गेले, की जुनी किंमत आणि जुनी तारीख दोन्ही निकामी ठरतात.

कूलेस्ट कूलर

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील ओरेगन राज्यातले आहे. सहलीला न्यायच्या शीतपेटीत ब्लेंडर, ब्लूटूथ स्पीकर, फोन चार्ज करण्याची सोय आणि आतला दिवा अशी सगळी चैन भरायची, ही रायन ग्रेपर यांची कल्पना. २०१३ च्या अखेरीस केलेली पहिली मोहीम उद्दिष्टापर्यंत पोचली नाही. तीच कल्पना २०१४ च्या उन्हाळ्यात नव्या रूपात मांडली, तेव्हा ५० हजार डॉलरच्या उद्दिष्टासमोर ६२,६४२ वर्गणीदारांकडून १ कोटी ३२ लाख ८५ हजार डॉलर जमले. तोवर किकस्टार्टरवर एवढी रक्कम कोणालाच मिळाली नव्हती. दर वर्गणीदारामागे हे सरासरी २१२ डॉलर होतात. एवढ्यात संकेतस्थळाचे शुल्क, मोटार, बॅटरी, साचे आणि एका अवजड पेटीची वाहतूक बसवायची होती. ते बसले नाही.

पेट्या फेब्रुवारी २०१५ मध्ये मिळायच्या होत्या. ब्लेंडरच्या मोटारी पुरवणाऱ्या कारखान्यात संप झाला, तारखा लांबत गेल्या. दरम्यान कंपनीने खेळते भांडवल उभे करण्यासाठी तीच पेटी ॲमेझॉनवर विकायला काढली, आणि आधी पैसे दिलेल्यांना ती मिळायच्या आत अनोळखी ग्राहकांच्या घरी पोचली. कंपनीच्या बाजूने पाहिले तर ही अगतिकता होती. वर्गणीदारांच्या बाजूने मात्र तो विश्वासघात होता, आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे अधिक खरे आहे, कारण कामाला पहिले पाठबळ त्यांनी दिले होते. २०१६ मध्ये लवकर पेटी हवी असल्यास आणखी ९७ डॉलर भरा, असा पर्याय पुढे आला. २०१७ मध्ये राज्याच्या न्याय विभागाशी समझोता झाला. डिसेंबर २०१९ मध्ये वाढलेल्या आयातशुल्काचे कारण देऊन कंपनी बंद झाली, तेव्हा सुमारे २० हजार वर्गणीदार रिकाम्या हाताने राहिले होते. पेटीत अशक्य असे काहीच नव्हते. ज्यांना ती मिळाली त्यांच्याकडे ब्लेंडर फिरत होता आणि स्पीकर वाजत होता. हिशेब फसला होता.

झानो आणि लिली

वेल्समधील टॉर्किंग ग्रुप या कंपनीचा झानो हा तळहाताएवढा ड्रोन होता. मालकाच्या मागे आपोआप उडणारा, अडथळे चुकवणारा आणि चित्रण करणारा ड्रोन अशी त्याची जाहिरात होती. २०१४-१५ च्या हिवाळ्यात १२,०७५ वर्गणीदारांनी त्याला २३ लाख ३५ हजार पौंड दिले. युरोपातली ही किकस्टार्टरची तोवरची सर्वांत मोठी मोहीम. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा जेमतेम ६०० ड्रोन बाहेर पडले होते. त्यांचेही उड्डाण काही मिनिटांचे आणि डळमळीत.

पुढे किकस्टार्टरने स्वतः पैसे देऊन मार्क हॅरिस या पत्रकाराकडे या प्रकरणाची चौकशी सोपवली. त्यांचा वृत्तान्त जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषयात रस असणाऱ्याने तो मुळातून वाचावा. पैसे लाटले गेल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मिळाली ती तांत्रिक आणि व्यावसायिक कुवतीची उणीव. चित्रफितीत दाखवलेल्या करामती त्या वेळी ड्रोनला येतच नव्हत्या. आज जमत नाही पण पैसे आले की जमेल, या भरवशावर कर्त्याने भविष्यकाळ वर्तमानकाळात मांडायचा आणि पाहणाऱ्याने तो वर्तमानच समजायचा, अशा रीतीने लबाडीचा हेतू नसतानाही हजारो लोक फसू शकतात.

लिली हा हवेत भिरकावला की आपोआप उडू लागणारा ड्रोन किकस्टार्टरवर नव्हता. कंपनीने स्वतःच्याच संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी घेऊन सुमारे ६० हजार नगांसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर जमवले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनी गुंडाळण्यात आली. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या जिल्हा सरकारी वकिलांनी दावा लावला. जाहिरातीतले हवाई चित्रण दुसऱ्याच कंपनीच्या ड्रोनने केले होते, असा त्यांचा आरोप होता.

पदार्थविज्ञानाशी न जुळणाऱ्या कल्पना

काही उपकरणांत कितीही कुशल कारखानदार आणला तरी फरक पडला नसता. ट्रायटन हे त्यांतले एक. माशाच्या कल्ल्यांप्रमाणे पाण्यातला प्राणवायू गाळून माणसाला १५ फूट खोलीवर ४५ मिनिटे श्वास घेऊ देणारे, दातांत धरायचे साधन म्हणून २०१६ मध्ये इंडीगोगोवर त्याला आठ लाखांहून अधिक डॉलर मिळाले. हिशेब सोपा आहे. एक लिटर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे पाव लिटर, म्हणजे ३३० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. पाण्यातला कण न् कण काढून घेतला तरी मिनिटाला ४० लिटर पाणी त्या साधनातून जायला हवे, पोहताना त्याच्या कित्येक पट. एवढे पाणी ढकलणारा पंप आणि त्याला पुरणारी बॅटरी तोंडात मावत नाही. शंका वाढल्यावर पैसे परत केले गेले. मग तीच मोहीम नव्याने उघडून साधनात द्रवरूप प्राणवायूच्या नळ्या असल्याचे सांगण्यात आले.

हवेतून पाणी काढणारी फाँटस ही बाटलीही २०१६ चीच. बाष्पाचे पाणी होते हे खरे, पण त्यासाठी एका लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. बाटलीला चिकटवता येईल असा ५ वॅटचा सौर पत्रा धरा, आणि शीतक यंत्रणा खाल्लेल्या विजेइतकीच उष्णता हलवते असेही उदारपणे माना. तरी तासाभरात सातेक ग्रॅम, म्हणजे दीड चहाचा चमचा पाणी मिळेल. हवा कोरडी असेल तर तेवढेही नाही, आणि पाण्याची गरज नेमकी कोरड्या प्रदेशातच असते. हे गणित शाळेच्या वरच्या इयत्तेतले आहे. मोहिमेच्या पानावर ते मांडले असते तर कित्येकांचे पैसे वाचले असते.

रस्त्यावर सौर पत्रे बसवण्याच्या सोलर रोडवेज या कल्पनेला २०१४ मध्ये २२ लाख डॉलर मिळाले. वीज तयार होते, यात वाद नाही. पण आडवा पत्रा सूर्याकडे कललेला नसतो, त्यावर धूळ बसते, गाड्यांची सावली पडते आणि टायर घसरू नयेत म्हणून वरची काच जाड व खरबरीत ठेवावी लागते. शेजारच्या छपरावर तोच पत्रा कमी खर्चात जास्त वीज देतो. फ्रान्समध्ये सरकारी पैशाने २०१६ मध्ये असाच एक किलोमीटरचा रस्ता केला गेला, आणि काही वर्षांतच तो खराब होऊन वीजही अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघाली.

स्कार्प या लेझर वस्तऱ्याचे प्रकरण वेगळ्या वाटेने गेले. २०१५ मध्ये त्याला किकस्टार्टरवर ४० लाख डॉलरची आश्वासने मिळाली होती, पण चालता नमुना नसल्याने संकेतस्थळाने मुदत संपण्याआधीच मोहीम थांबवली. पैसे कापले गेले नव्हते म्हणून कोणाचे नुकसान झाले नाही. लगोलग ती मोहीम इंडीगोगोवर उघडली आणि तिथेही लोकांनी पैसे दिले.

चालणारी पण न लागणारी उपकरणे

घाईने जेवल्यास थरथरणारा हॅपीफोर्क (२०१३) किंवा स्पीकर आणि रंगीत दिवा असलेली मिठाची दाणी स्मॉल्ट (२०१७) अशा वस्तू या गटात येतात. ज्या कामाला हात पुरेसा आहे त्याला बॅटरी, ॲप आणि चार्जिंगची कटकट जोडली जाते. हा दोष एकट्या लोकवर्गणीचा नाही. ज्यूसेरो हे रस काढण्याचे यंत्र बड्या गुंतवणूकदारांच्या सुमारे १२ कोटी डॉलरवर उभे होते. त्याच्या पिशव्या हातानेही पिळता येतात हे ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या वार्ताहरांनी एप्रिल २०१७ मध्ये दाखवले, आणि सप्टेंबरात कंपनी बंद झाली. मुरलेल्या भांडवलदारांनाही जे वेळेत दिसले नाही ते सामान्य वर्गणीदाराला दिसायला हवे होते, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रमाण, नियम आणि कायदा

गाजलेल्या फजितींवरून सगळ्याच मोहिमा बुडतात असे समजू नये. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मॉलिक यांच्या २०१५ च्या पाहणीत किकस्टार्टरवर पैसे मिळालेल्या सुमारे ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिली नाही, असे आढळले. उशीर मात्र जवळजवळ नेमच आहे. त्यांच्याच २०१४ च्या अभ्यासात तीन चतुर्थांशांहून अधिक प्रकल्पांना उशीर झालेला दिसला. पेबल हे स्मार्ट घड्याळ (२०१२) आणि ऑक्युलस रिफ्ट हा आभासी वास्तवाचा चष्मा (२०१२) याच वाटेने आले. पेबलने तीन वर्षांनी आणखी दोन कोटी डॉलर जमवले, तरी डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी बंद पडली. तिच्या सेवा थांबल्यावर रेबल नावाच्या स्वयंसेवी गटाने त्या पर्यायी सर्व्हरवर चालू ठेवल्या. कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या इतर यंत्रांच्या वाट्याला असे पाठीराखे क्वचितच येतात.

किकस्टार्टरने सप्टेंबर २०१२ मध्ये आपण दुकान नाही असे जाहीर करून उपकरणांच्या मोहिमांत संगणकावर रंगवलेल्या हुबेहूब प्रतिमांना मनाई केली आणि नमुना दाखवणे सक्तीचे केले. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने लोकवर्गणीतील पहिली कारवाई २०१५ मध्ये एका पटावरच्या खेळाच्या मोहिमेवर केली. २०१९ मध्ये बॅटऱ्या व वायफाय असलेल्या आयबॅकपॅक या पाठपिशवीच्या कर्त्यावर दावा लावला. आठ लाखांहून अधिक डॉलर जमवून त्यांतला बराच भाग खासगी कामांसाठी वापरल्याचा त्यात आरोप होता. अशा कारवाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. हेतू खोटा होता हे सिद्ध करणे अवघड, आणि प्रामाणिक अपयश हा गुन्हा नाही.

अलीकडे याच संकेतस्थळांवर तयार कारखाना असलेल्या कंपन्याही येऊ लागल्या आहेत. चार्जर बनवणाऱ्या अँकरने २०२२ मध्ये आपला त्रिमितीय छपाईयंत्राचा नवा नग किकस्टार्टरवर आणून ८० लाखांहून अधिक डॉलरची आगाऊ मागणी मिळवली. अशा मोहिमांत वस्तू न मिळण्याचा धोका कमी असतो. पण अनुभवी कंपन्यांच्या गर्दीत, कारखाना नसलेल्या आणि खरोखरच वर्गणीची गरज असलेल्या एकट्या संशोधकाकडे लोकांचे लक्ष जाणे अधिक कठीण होत आहे.