स्किप बॉम्बिंग आणि मास्ट-हाइट बॉम्बिंग: बिस्मार्क समुद्रात नेमकं काय झालं?

मार्च १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क समुद्रात जपानचा ताफा बुडाला, तो ‘स्किप बॉम्बिंग’मुळे, असं सर्रास लिहिलं जातं. हे अर्धंच खरं आहे. त्यावर हल्ला करणाऱ्या अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन वैमानिकांनी काय धोका पत्करला, हे त्यातून कळतच नाही.

तळ्यात चपटा खडा फेकला की तो टप्पे घेत जातो. स्किप बॉम्बिंग म्हणजे तेच. विमान दोन-अडीचशे फुटांवरून येतं, बॉम्ब पाण्यावर उसळतो आणि जहाजाच्या कुशीवर आदळतो. बेभरवशाचं काम, कारण बॉम्ब कधी लवकर बुडतो, तर कधी उसळून जहाजापलीकडे पडतो.

मास्ट-हाइटमध्ये, म्हणजे डोलकाठीच्या उंचीवरून केलेल्या हल्ल्यात, उसळीवर भिस्त नसते. जहाज सहाशे यार्डांवर आलं की विमान पाण्यापासून दहा-पंधरा फुटांवर उतरतं, तीनशे यार्डांवरून कुशीवर थेट नेम धरून बॉम्ब सोडतं आणि डोलकाठीला चुकवत वर उठतं. जास्त यश यालाच मिळालं.

गल्लत होते, कारण दोन्हींत बॉम्बचा फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) चार-पाच सेकंद उशिरा स्फोट करणारा. नाहीतर स्वतःच्याच स्फोटात विमान गेलं असतं. शिवाय एकाच फेरीत पहिला बॉम्ब उसळवून दुसरा थेट मारता येई.

पण इतक्या खाली येणाऱ्या विमानाला जहाजावरच्या तोफा सोडतील कशा? खरी मेख इथे आहे. अमेरिकन अधिकारी ‘पॅपी’ गन यांनी बी-२५ या बॉम्बफेकी विमानांच्या नाकातला बॉम्ब-नेमबाज काढून तिथे मशीनगन बसवल्या होत्या. ३ मार्चला ऑस्ट्रेलियाची ब्यूफायटर विमानं आधी घुसली. ती टॉर्पेडो टाकणार या समजुतीने जहाजांनी नाक त्यांच्याकडे वळवलं, आणि टोकापासून टोकापर्यंत सगळा डेक गोळ्यांच्या रेषेत आला. तोफा थंडावल्या, तेव्हा मागून अमेरिकेची बी-२५ आणि ए-२० बॉम्बफेकी विमानं आली.

जपानच्या रबौल तळावरून न्यू गिनीतल्या ले बंदराकडे निघालेली आठही वाहतूक जहाजं बुडाली, सोबतच्या आठपैकी चार विनाशिकाही (संरक्षक युद्धनौका). सुमारे ६,९०० सैनिकांपैकी जेमतेम १,२०० जण लेला पोहोचले. पुढे पाण्यात तरंगणाऱ्या जपान्यांवर आणि त्यांच्या लाइफबोटींवरही गोळ्या झाडल्या गेल्या. विजयाच्या वर्णनात हे गाळू नये.

त्यानंतर जपानने लेकडे असा मोठा ताफा पाठवलाच नाही. रसद जाऊ लागली ती पाणबुड्यांतून आणि लहान बोटींतून.