सांगायचा ओटीपी, न सांगायचा ओटीपी

सकाळी साडेनऊला गॅसवाला दारात येतो आणि म्हणतो, "काकू, ओटीपी सांगा." आई चष्मा शोधते, मोबाइल उघडते, आकडे वाचून दाखवते आणि सिलिंडर आत येतो. दुपारी बँकेचा मेसेज येतो, हा ओटीपी कोणालाही सांगू नका. संध्याकाळी पार्सलवाला बेल वाजवतो: "ओटीपी आला असेल बघा." त्या रात्री जेवताना आईने विचारलं, "म्हणजे हा सांगायचा असतो की नसतो?"

या विषयावर बऱ्यापैकी वाचलेलं असूनही मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण दोन्ही खरं आहे. सिलिंडरचा ओटीपी सांगितल्याशिवाय काम होत नाही आणि बँकेचा सांगितला की घात होतो. दिसायला मात्र दोन्ही सारखेच, चार-सहा आकडे. ते कशासाठी आलेत हे आकड्यांना माहीत नसतं. ते सांगणारं वाक्य त्यांच्या आजूबाजूला असतं, आणि ते कोणी वाचत नाही.

एकदाच वापरायचा पासवर्ड ही कल्पना मोबाइलपेक्षा जुनी आहे. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने 1981 मध्ये ती एका शोधनिबंधात मांडली. प्रश्न असा होता: तारेवर कोणीतरी कान लावून बसलाय हे ठाऊक असताना पासवर्ड पाठवायचा कसा? लॅम्पोर्टचा उपाय समजायला विरजण आठवावं. दुधाचं दही होतं, दह्याचं दूध होत नाही. गणितातही अशा एकेरी क्रिया असतात. एक गुपित घ्या, त्यावर ही क्रिया हजार वेळा करा आणि हजारावं उत्तर समोरच्या संगणकाकडे ठेवा. पहिल्यांदा आत जाताना तुम्ही 999वं उत्तर द्यायचं. संगणक त्यावर क्रिया एकदा करतो, हजारावं निघालं की दार उघडतो. पुढच्या वेळी 998वं. चोरून ऐकणाऱ्याला 999वं कळलं तरी त्यावरून 998वं काढता येत नाही, कारण दही उलटं फिरत नाही.

मोबाइलमध्येच ओटीपी तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये दर तीस सेकंदांनी आकडे बदलतात, त्यामागे याच घराण्यातली युक्ती आहे. 2011 मध्ये तिचं प्रमाण ठरलं. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करता तेव्हा एक गुपित तुमच्या फोनमध्ये आणि समोरच्या सर्व्हरमध्ये, असं दोन्हीकडे बसतं. नंतर दोघंही 1 जानेवारी 1970 पासून किती अर्धी मिनिटं उलटली ते मोजतात. तो आकडा आणि गुपित एकत्र घुसळून 160 बिटांची (बिट म्हणजे एक 0 किंवा 1) एक लांबलचक संख्या तयार होते. तिच्यातला 31 बिटांचा तुकडा कापायचा, त्याला 10 लाखांनी भागायचं आणि उरलेली बाकी दाखवायची. झाला ओटीपी. दोघांचं घड्याळ जुळलेलं असेल तर बाकीही जुळते, आणि यासाठी फोनला रेंजसुद्धा लागत नाही.

बँकेचा एसएमएसवाला ओटीपी यापेक्षा साधा असतो. बँकेचा संगणक एक यादृच्छिक संख्या काढतो, ती काही मिनिटांपुरती लक्षात ठेवतो आणि तुम्ही टाकलेली संख्या तीच आहे का ते पाहतो. सहा आकडी संख्या 10 लाख, प्रयत्न समजा तीन. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता 10 लाखांत 3. म्हणून चोर अंदाज बांधत बसत नाहीत. ते विचारतात.

हे सगळं आपल्या घरात आलं ते मुंबईतून, रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकामुळे. फेब्रुवारी 2009 मध्ये तिने सांगितलं की 1 ऑगस्ट 2009 पासून कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना कार्डावर छापलेली नसलेली आणखी एखादी माहिती विचारलीच पाहिजे. ओटीपीच हवा असं त्यात नव्हतं. आधी बऱ्याच बँका वेगळा पासवर्ड ठेवायला लावत. लोक तो विसरत, मग हळूहळू एसएमएसने बाजी मारली. तेव्हा या नियमावर कुरकुर पुष्कळ झाली, खरेदी अर्ध्यात सुटते म्हणून. माझ्या मते नियम योग्यच होता. न्यू जर्सीत राहणारा माझा मामेभाऊ तिथे कार्डाचा नंबर आणि मागचे तीन अंक टाकून बहुतेक सगळं विकत घेतो, आणि पुण्यातल्या आईवडिलांचं वीजबिल भरायचं झालं की भारतातलं सिमकार्ड शोधत ड्रॉवर उपसतो.

अडचण नियमात नव्हती, वाहनात होती. एसएमएस हे पोस्टकार्ड आहे. त्यात जागा 140 बाइटची, म्हणजे 1,120 बिटांची. इंग्रजी अक्षराला सात बिट लागतात म्हणून 160 अक्षरं मावतात. देवनागरीला सोळा बिट लागतात, म्हणून फक्त 70. त्यातही संगणक काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतो. 'महाराष्ट्र' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, मोजणीत ती दहा भरतात. मध्ये जागा न सोडता सात वेळा महाराष्ट्र लिहिलं की एसएमएस भरला. त्यापुढे दुसरा एसएमएस आणि दुसरा खर्च. रक्कम कोणाला, किती, सांगू नका हे सगळं मराठीत नीट लिहायचं तर दोन-तीन एसएमएसचा मजकूर होतो. आकड्यांभोवतीचं ते वाक्य इंग्रजीत येण्यामागे इतरही कारणं असतील, पण हे एक आहेच. आणि आईला त्यातले फक्त आकडे वाचता येतात.

या पोस्टकार्डावर कोण काय लिहितो यावर लगाम घालायला ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2018 मध्ये नियमावली आणली. कंपनीने आपलं नाव, म्हणजे मेसेजच्या डोक्यावरचा हेडर, आधी नोंदवायचा. मजकुराचा साचाही नोंदवायचा. बदलणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे रक्कम, तारीख, ओटीपी यांसाठी, त्यात रिकाम्या जागा. ही नोंदवही एका कंपनीकडे नसून सगळ्या टेलिकॉम कंपन्यांत वाटलेली असते. प्रत्येक मेसेज निघताना साच्याशी ताडून पाहायचा आणि जुळला नाही तर तिथेच अडवायचा. याला धंद्यातले लोक स्क्रबिंग म्हणतात.

कागदावर झकास. 8 मार्च 2021 ला स्क्रबिंग खरोखर सुरू झालं आणि देशभर ओटीपी यायचेच थांबले. पैसे भरता येईनात, तिकिटं निघेनात. नुकतंच ज्येष्ठांचं कोविड लसीकरण सुरू झालं होतं, त्याच्या नोंदणीचेही ओटीपी अडकले. कितीतरी कंपन्यांनी साचे नोंदवलेलेच नव्हते किंवा नोंदवलेला मजकूर आणि पाठवलेला मजकूर वेगळा होता. दुसऱ्याच दिवशी ट्रायने आठवडाभरासाठी हे प्रकरण स्थगित केलं. सहा आकड्यांवर आपला रोजचा व्यवहार किती टेकलेला आहे ते त्या दिवशी कळलं. आज साचे जुळतात, आणि 2025 पासून हेडरच्या शेवटी एक अक्षरही येतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. एकदा इनबॉक्स उघडून पाहा. दहा आकडी साध्या नंबरावरून 'बँके'चा मेसेज आला असेल तर तो या गाळणीतून आलेलाच नाही.

पोस्टकार्ड वाटेत वाचताही येतं. 2017 मध्ये जर्मनीत चोरांनी टेलिकॉम कंपन्यांच्या आपसातल्या जुन्या सिग्नल यंत्रणेतली फट वापरून ओटीपी स्वतःकडे वळवले आणि खाती रिकामी केली. आपल्याकडे त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबराचं दुसरं सिम काढणं. तुमच्या फोनची रेंज जाते आणि ओटीपी चोराकडे. म्हणूनच 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेता, येत नाही. पण या सगळ्याला मेहनत लागते. फोन करून "सर, केवायसी संपलंय" म्हणायला काहीच लागत नाही.

आणि इथे कायदा आईच्या बाजूने उभा राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य. मात्र तुम्ही स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर तो निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. (म्हणून कळवायचं ते तत्काळ: बँकेला, आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर.) 'निष्काळजीपणा' हा शब्द मला खटकतो. आठवड्यातून चार वेळा अनोळखी माणसाला ओटीपी सांगायची सवय आपणच लोकांना लावली. पाचव्या वेळी सांगितला तर दोष फक्त सांगणाऱ्याचा?

सप्टेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले. ते 1 एप्रिल 2026 पासून लागू. पैसे देणारे तुम्हीच आहात याचे दोन पुरावे हवेतच, पण एसएमएसचा हट्ट नाही. तो बंदही केलेला नाही. नियम न पाळल्यामुळे ग्राहकाचे पैसे गेले तर बँकेने पूर्ण भरून द्यायचे, हे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य. सिंगापूरने तर 2024 मध्येच बँकेत लॉगिन करतानाचा ओटीपी टप्प्याटप्प्याने काढायचं ठरवलं.

त्याच्या जागी येऊ घातलेली पासकी वेगळ्या तत्त्वावर चालते. फोन किल्ल्यांची जोडी बनवतो. एक बँकेला देतो, दुसरी तिजोरीत ठेवतो. लॉगिनच्या वेळी बँक एक यादृच्छिक मजकूर पाठवते, फोन आतल्या किल्लीने त्यावर सही करून परत देतो. किल्ली त्या साइटच्या पत्त्याला बांधलेली असते. नावात एक अक्षर फिरवलेल्या नकली साइटवर फोनला ती सापडतच नाही. माणूस फसला तरी फोन फसत नाही, आणि फोनवर सांगण्यासारखा आकडाच नसतो. दुसऱ्या संगणकावर लॉगिन करायचं तर क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो, आणि फोन खरंच जवळ आहे ना हे ब्लूटूथने तपासलं जातं. अर्थात पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर धमकावणाऱ्याच्या सांगण्यावरून कोणी स्वतःच अंगठा लावून पैसे पाठवले, तर पासकीही काही करू शकत नाही.

त्या रात्री आईला मी यातलं थोडंफार सांगितलं. किल्ल्या, सह्या तिने ऐकून घेतल्या. ब्लूटूथपाशी मात्र तिने मला थांबवलं. "म्हणजे जवळ असेल त्यालाच सांगायचा. फोनवर असेल त्याला नाही." मी म्हटलं, दारात येऊन 'ऑर्डर कॅन्सल करायला ओटीपी द्या' म्हणणारेही असतात. "मग हातात वस्तू आल्याशिवाय नाही," ती म्हणाली.

परवा गॅसवाल्याने खालूनच फोन केला, "काकू, ओटीपी सांगा, नोंद करून घेतो." आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई म्हणाली, "वर ये, सिलिंडर ठेव, मग सांगते."