ध्रुवीय हिमनद्यांचे नामकरण

अंटार्क्टिकात मूळचे रहिवासी नाहीत, त्यामुळे तिथल्या हिमनद्यांना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नावेही नाहीत. सुरुवातीच्या मोहिमांत नावाचा मान बरेचदा पैसे पुरवणाऱ्याला मिळे. दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरच्या विशाल हिमनदीला ब्रिटिश शोधप्रवासी शॅकल्टन यांनी आपले आश्रयदाते, उद्योगपती विल्यम बिअर्डमोर यांचे नाव दिले. मर्ट्झ आणि निनिस या हिमनद्यांवर मात्र ऑस्ट्रेलियन शोधप्रवासी मॉसन यांच्या मोहिमेत प्राण गमावलेल्या दोन साथीदारांची नावे आहेत.

वैज्ञानिकांची नावे घाऊक प्रमाणात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५५ ते १९५७ या काळात ब्रिटिशांनी अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या मोठ्या भागाची विमानातून छायाचित्रे घेतली आणि नकाशावर शेकडो निनावी हिमनद्या, सुळके, उपसागर एकदम उमटले. १९४५ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश नामसमितीने त्यावर सोपी युक्ती काढली: एकेका भागाला एकेक विषय नेमून दिला. ब्राबाँ बेट वैद्यकाकडे गेले, म्हणून तिथे हिपोक्रेटिस, जेन्नर, लिस्टर आणि कॉख शेजारी नांदतात. फ्लांद्र उपसागराच्या काठी छायाचित्रणाचे जनक आहेत. नीएप्स आणि दागेर यांनी १८२९ मध्ये भागीदारी केली होती. त्यांच्या नावाच्या हिमनद्याही एकमेकींना मिळतात. समितीत कुणीतरी रसिक असावे.

डार्बेल उपसागराभोवती आहारशास्त्र आहे. अन्नघटकांचे तक्ते तयार करणारे एल्सी विडोसन आणि रॉबर्ट मॅकॅन्स तिथे लगतच्या हिमनद्यांवर आहेत. इतरत्र एका हिमनदीवर मॅक्स पेरुट्झ यांचे नाव पाहून वाचक चकित होतो, कारण १९६२ चे नोबेल त्यांना प्रथिनांच्या रचनेवरील कामासाठी मिळाले. पण त्याआधी आल्प्समध्ये हिमनदीचा बर्फ वाहतो कसा, याचाही अभ्यास त्यांनी केला होता.

ग्रीनलंडची गोष्ट वेगळी, कारण तिथे माणसे राहतात. अमेरिकन शोधप्रवासी एलिशा केन यांच्या १८५३–५५ च्या मोहिमेने तिथल्या एका महाकाय हिमनदीला जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांचे नाव दिले, जरी हुम्बोल्ट ग्रीनलंडला कधी गेले नव्हते. स्थानिक लोक तिला सेर्मेर्सुआक म्हणतात.

अंटार्क्टिकावर कुणाचीच मालकी सर्वमान्य नसल्यामुळे नाव ठरवणारी एकच अधिकारी संस्था नाही. प्रत्येक देश आपापली नावे ठेवतो, आणि एकाच जागेला दोन-तीन नावे पडतात. १९९२ पासून या सगळ्यांची एकत्रित आंतरराष्ट्रीय सूची ठेवली जाते.

अलीकडे व्यक्तींखेरीज इतर नावेही येऊ लागली आहेत. २०१९ मध्ये सात हिमप्रवाहांना लँडसॅट, क्रायोसॅट यांसारख्या उपग्रहांची नावे मिळाली. बर्फाचा वेग आणि उंची आता मुख्यतः तेच मोजतात. २०२१ मध्ये अंटार्क्टिकातल्या गेट्झ हिमतटाकडे (समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थराकडे) वाहणाऱ्या, झपाट्याने बर्फ गमावणाऱ्या नऊ हिमनद्यांना हवामानविषयक परिषदा, अहवाल आणि करारांशी जोडलेल्या शहरांची नावे देण्यात आली. त्यांत क्योतो आणि पॅरिस आहेत, आणि ग्लासगोही, तेही तिथली परिषद तोंडावर आलेली असताना.