थंड वर्टमधला हॉप्सचा गाळ काढणं

वर्ट म्हणजे जवाच्या माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढं बिअर होते, यात अजून यीस्ट पडलेलं नसतं. ते तासभर हॉप्ससोबत उकळतात, हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, कडवटपणा अन् वास त्यांचाच, भारतात ती लाहौलकडं होतात, आपल्या विदर्भात नाही. मग २० अंशांच्या आसपास थंड केलं की गंजाच्या तळाशी हिरवा चिखल बसतो, हॉप्सचा चुरा अन् त्यात नासलेल्या दुधासारख्या प्रोटीनच्या गुठळ्या.

कायद्याचं आधी सांगतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, वर्धा अन् गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. इकडचे पोट्टे परदेशात गेले, जिथं घरी बनवायला मोकळीक आहे, की त्यांचा पहिला प्रश्न हाच, गाळ कसा काढू?

बहुतेक जण कापडानं गाळायला जातात अन् तिथंच फसतात. दाबलेल्या गोळीचे हॉप्स उकळून पिठासारखे बारीक होतात, कापड दोन मिनिटांत बुजतं, मग कोणी बोटानं खरवडतं, अन् थंड वर्टमध्ये हातावरचे जंतू मारायला आता उकळी नसते. चाळणी वापरायचीच तर आधी उकळून घ्या. वरून धार पडताना हवा मिसळते ते मात्र चांगलं, यीस्टला ऑक्सिजन लागतो, पण फक्त याच वेळी.

त्यापेक्षा निवळू द्यावं. आमच्याकडं पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की गुंडात निवळीची बी उगाळून टाकायची अन् मग कोणी गुंड हलवला तर आजी ओरडायची. इथंही तेच. वर्ट थंड करायला गंजात बुडवलेली धातूच्या नळीची कॉइल बाहेर काढून उकळलेल्या चमच्यानं एकाच दिशेनं जोरात घुमवा, झाकून २० मिनिटं ठेवा. चहाच्या कपात ढवळल्यावर भुकटी मधोमध गोळा होते ना, तसाच ढीग होतो. तळाजवळचं पाणी घासून हळू फिरतं म्हणून ते आत सरकतं अन् गाळ सोबत नेतं, आईनस्टाईननं १९२६ मध्ये हे मांडलं होतं. मग नळी गंजाच्या कडेनं सोडून वरचं स्वच्छ वर्ट दुसऱ्या मोठ्या भांड्यात ओढून घ्यायचं.

शेवटचा लिटर-दीड लिटर ओढायची हाव नको. तो वेगळ्या बाटलीत फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ तेवढं ओतून पुन्हा उकळा, थंड करून मोठ्या भांड्यात टाका.