वस्तूचं वय आणि परंपरेचं वय

पेरूमध्ये अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताचा झुलता पूल आहे. तो किती जुना? जेमतेम वर्षभराचा, आणि इंका काळापासूनचाही. पहिलं वय वस्तूचं, दुसरं ती घडवण्याच्या परंपरेचं. वारशाच्या नोंदी ठेवताना गल्लत होते ती इथेच.

दर जूनमध्ये केचुआ समाजाची गावं जमतात. गवताच्या बारीक दोऱ्या वळतात, दोऱ्यांचे दोर आणि दोरांचे जाडजूड दोरखंड होतात. मग जुना पूल कापून नदीत सोडून देतात. युनेस्कोने २०१३ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते या नूतनीकरणामागचं ज्ञान, कौशल्य आणि विधी, पूल नव्हे. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाचं नेमकं उलट: दगड उभे आहेत, पण तिथे काय चालायचं ते सांगणारं कोणी उरलेलं नाही.

माहितीचं प्रारूप, म्हणजे नोंदी कशा मांडायच्या आणि जोडायच्या याचा आराखडा, करताना सहसा वस्तूंचा एक तक्ता, परंपरांचा दुसरा आणि मधे 'संबंधित' अशी एक रेघ असते. ही रेघ मुकी. कधी, कोणी, काय बदललं, यातलं काहीच ती सांगत नाही. संग्रहालयांच्या क्षेत्रातलं सिडॉक सीआरएम हे प्रारूप म्हणूनच मला जास्त पटतं: त्यात केंद्रस्थानी घटना असते, वस्तू, माणसं, जागा आणि काळ तिच्यातून जोडले जातात.

फरक केस्वाचाकावरच दिसतो. महामारीमुळे २०२० साली पूल नव्याने विणला गेला नाही, मार्च २०२१ मध्ये तो कोसळला आणि जूनमध्ये पुन्हा उभा राहिला. वस्तूच्या तक्त्यात याची नोंद 'नष्ट' अशी होईल. परंपरेच्या तक्त्यात एका वर्षाचा खंड, बस्स.

गवत कुजतं म्हणूनच वळण्याची कला दरवर्षी हाताखालून जाते. तिथे पोलादी तारा लावल्या, तर पूल टिकेल आणि दोर वळणारे हात रिकामे होतील. तेव्हा झीज म्हणजे निव्वळ नुकसान, असं प्रारूपात गृहीत धरून चालत नाही.

मात्र 'खंड पडला की परंपरा संपली' हा सोपा नियमही लावता येत नाही. जपानमधलं इसे देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, पण १५व्या-१६व्या शतकांतल्या युद्धकाळात ही प्रथा १२० वर्षांहून जास्त बंद होती. एवढ्या काळात आधीची उभारणी पाहिलेलं कोणीच हयात नसणार. म्हणजे ज्ञान दुसऱ्या वाटांनी टिकलं: लेखी नोंदी, इतर बांधकामं, दुरुस्त्या. या आडवाटांसाठी प्रारूपात वेगळी जागा ठेवावीच लागते.