काउंटी-हस्तांतर, बालन्यायालयीन

काउंटी-हस्तांतर, बालन्यायालयीन : बालन्यायालयात प्रकरण चालू असलेल्या मुलाचे कुटुंब दुसऱ्या काउंटीत (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) राहायला गेल्यास ते संपूर्ण प्रकरण तेथील बालन्यायालयाकडे सोपविण्याची अमेरिकेतील पद्धत. राज्याराज्यांत तिचे नियम वेगळे आहेत. येथे मुख्यतः कॅलिफोर्नियाचा विचार केला आहे. तेथे ५८ काउंट्या असून प्रत्येकीचे स्वतंत्र सुपीरियर न्यायालय आहे. कायदा साऱ्या राज्याला एक असला, तरी मुलाकडे पाहणारा बालकल्याण विभाग, परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आणि त्यांच्यावरचा बराचसा खर्च काउंटीचा असतो. त्यामुळे बिऱ्हाड हलले, की मूल कोणाचे हा प्रश्न उभा राहतो.

उगम : बालन्यायालयाचा आरंभ सामान्यतः इलिनॉय राज्याच्या १८९९ च्या कायद्यापासून मोजतात. त्या कायद्यान्वये कुक काउंटीचे (शिकागो) न्यायालय त्याच वर्षी जुलैत सुरू झाले. मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांच्या खटल्यांची वेगळी सुनावणी १८७० च्या दशकातच होऊ लागली होती आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचा कायदा १८९५ चा आहे. त्यामुळे ‘पहिले’ हे विशेषण बेताने वापरणे बरे. कॅलिफोर्नियाने १९०३ मध्ये असा कायदा केला. तेथील हस्तांतराची आजची चौकट १९६१ च्या बालन्यायालय कायद्यातून आलेली दिसते. पुढे १९७६ च्या सुमारास तेथील कल्याण व संस्था संहितेच्या (वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोड) कलमांची फेररचना झाली आणि उपेक्षित वा छळ झालेल्या मुलांसाठी कलम ३७५, तर गुन्ह्याचा आरोप असलेल्यांसाठी कलम ७५० अशी विभागणी रूढ झाली.

प्रकरणाने कुटुंबामागे जावे ही कल्पना मुळात कोठून आली, याविषयी दोन मते संभवतात. पहिले मत बालन्यायालयाचे सारे अधिकार ‘राजा हा निराधारांचा पालक’ या इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयातील तत्त्वाकडे नेते. वेलस्ली खटला (१८२७) आणि पेनसिल्व्हेनियातील क्राउस खटला (१८३८) हे मुलाला बापाच्या ताब्याबाहेर ठेवण्याचा अधिकार मान्य करणारे निर्णय त्याचे नेहमीचे आधार. दुसरे मत गरिबांविषयीच्या कायद्यांकडे बोट दाखवते. इंग्लंडच्या १६६२ च्या कायद्यानुसार, पॅरिशवर (चर्चच्या क्षेत्रावर आधारलेला स्थानिक विभाग) भार होईल असे वाटणाऱ्या नवागतास ४० दिवसांच्या आत दोन दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मूळ पॅरिशला परत धाडता येई. अमेरिकेत ही जबाबदारी अनेक ठिकाणी काउंट्यांकडे आली. गरीब कुटुंबांना लागू होणारा कॅलिफोर्नियाचा कायदा याच परंपरेतला आहे, अशी मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे (बर्कली) विधिज्ञ जेकोबस टेनब्रोक यांनी १९६४-६५ मध्ये केली. त्यांचा विषय हस्तांतर नव्हता, पण हस्तांतरापुरते हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. मुलाचा ‘निवास’ ठरविणारे कलम १७.१ ज्या कल्याण व संस्था संहितेत आहे, ती १९३७ ची संहिता सार्वजनिक मदतीचीही आहे. टाकून दिलेल्या अर्भकाचा निवास म्हणजे ते सापडले ती काउंटी, ही त्यातील तरतूद तर थेट पॅरिशच्या वहीतली वाटते. मात्र दिशा उलटली आहे. जुना कायदा माणसाला मागे धाडी, हस्तांतरात कागद माणसाच्या पाठोपाठ पुढे जातात.

कार्यपद्धती : मूळ काउंटीच्या न्यायालयाला आधी मुलाच्या बाबतीत काय घडले याविषयी निष्कर्ष नोंदवावा लागतो, कारण साक्षीदार, पोलीस आणि डॉक्टर तेथलेच असतात. त्यानंतर, मुलाचा प्रत्यक्ष ताबा कायद्याने ज्याच्याकडे आहे त्याचा निवास तपासतात. ताब्याविषयी आदेश नसेल, तर तो दोन्ही पालकांकडे आहे असे धरतात. पितृत्व ठरलेले नसेल, तर आईकडे. तथापि केवळ पत्ता बदलणे पुरेसे नसते. हस्तांतराने मुलाचे हित जपले वा वाढवले जाईल, असा निष्कर्ष नोंदविल्याशिवाय न्यायालय प्रकरण पाठवू शकत नाही (कॅलिफोर्निया न्यायालयांची नियमावली, नियम ५.६१०). गुन्ह्याच्या प्रकरणात हस्तांतर करायचे ठरले, तर ते अंतिम आदेशाच्या सुनावणीपूर्वी आणि मुलाला न्यायालयाच्या पालकत्वाखाली घेण्याआधी करावे लागते. उपेक्षेच्या प्रकरणात ते त्या सुनावणीच्या आधी किंवा नंतरही होऊ शकते. आदेश जेव्ही-५५० या ठरावीक नमुन्यात निघतो आणि त्यातच नव्या न्यायालयातील सुनावणीची तारीख नेमून देतात : मूल कोठडीत असेल तर न्यायालयाच्या कामाच्या १० दिवसांच्या आत, नसेल तर २० दिवसांच्या आत.

या पद्धतीचा कणा नियम ५.६१२ मध्ये आहे. आदेशाची प्रत दाखल झाली, की नव्या न्यायालयाने प्रकरण स्वीकारलेच पाहिजे. ते परत पाठविण्याची मुभा नाही. मूल आपल्या काउंटीत राहत नाही असे त्याला नव्या माहितीवरून वाटले, तर त्यासाठी स्वतंत्र सुनावणी घ्यावी लागते आणि तोवर प्रकरण त्याचेच असते. दोन न्यायालयांच्या मधल्या जागेत मूल बेवारस राहू नये, याची एवढी स्पष्ट हमी कायद्यात क्वचितच आढळते. तरीही झळ बसतेच. वकील बदलतो, समाजसेवक बदलतो आणि फाइल नव्याने वाचली जाते. घरातून काढलेल्या तीन वर्षांखालील मुलाच्या पालकांना पुनर्मीलनासाठीच्या सेवा साधारणपणे सहा महिनेच मिळतात, आणि काउंटी बदलली म्हणून ही मुदत पहिल्यापासून मोजत नाहीत. जागा बदलणारे कुटुंब बहुधा भाडे न परवडल्याने हललेले असते. अशा आईच्या दृष्टीने वाट पाहण्यात गेलेले तीन-चार आठवडे फार मोठे असतात.

संपूर्ण प्रकरण न हलवता, संबंधित विभागाच्या संमतीने केवळ देखरेख दुसऱ्या काउंटीकडे देण्याचाही पर्याय आहे (नियम ५.६१४). टेक्सासमध्ये (काउंट्या २५४) परिवीक्षेवरील मूल दुसऱ्या काउंटीत गेल्यास आधी हंगामी देखरेख सुरू होते. तिची कमाल मर्यादा १८० दिवसांची असून त्यानंतर कायम देखरेख नव्या काउंटीकडे जाते. राज्याबाहेरील स्थलांतरास आंतरराज्य करार लागू होतात, तर अमेरिकेतील मूळनिवासी जमातींच्या मुलांबाबत १९७८ च्या संघीय कायद्यानुसार प्रकरण जमातीच्या न्यायालयाकडे जाऊ शकते.

भारतात काउंटीच्या जागी जिल्हा येतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९५ प्रमाणे बाल न्याय मंडळ किंवा बालकल्याण समिती मुलाला त्याच्या गृहजिल्ह्यातील मंडळाकडे वा समितीकडे पाठवू शकते. येथेही मुलाचे हित पाहावे लागते, शिवाय गृहजिल्ह्याच्या समितीशी वा मंडळाशी आधी विचारविनिमय करावा लागतो. फरक असा, की येथे बहुधा कुटुंब जागेवर असते आणि मूलच दूर आलेले असते. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर सापडणारी परप्रांतीय मुले हे त्याचे नित्याचे उदाहरण. विधिसंघर्षग्रस्त बालकाचे (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचे) हस्तांतर मात्र चौकशी पूर्ण होऊन मंडळाचा अंतिम आदेश झाल्यावरच करता येते, म्हणजे कॅलिफोर्नियापेक्षा एक टप्पा उशिरा. मुलाला पोहोचविण्याचे काम विशेष बाल पोलीस पथकाकडे असून आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांत ते करावयाचे असते. मुलीसोबत महिला पोलीस अधिकारी असणे बंधनकारक आहे.