बांधावरचं झाड बांध धरून ठेवत नाही

मुळं माती धरतात, म्हणून शेतातल्या मातीच्या बंधाऱ्यावर सुबाभूळ लावा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. डोंगरउताराला ते ठीक. पाणी अडवणाऱ्या भरावाला नाही. झाड वाळलं की मुळं कुजतात, पोकळ्या राहतात आणि त्यातून पाणी माती घेऊन निघतं. भरावावर हरळीच बरी. सावली हवीच असेल तर झाड पायथ्यापासून 8 मीटर लांब.

कोवळी रोपं आत्ताच उपटा. मोठं झाड मात्र तळं भरलेलं असताना जेसीबीने ओढू नका. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर खोड, जाड मुळं काढा. खड्डा चिकणमातीने 15 सेंमीच्या थरांत, ओलवून, धुमसाने ठोकत भरा. पायथ्याचा पाझर नितळ असेल तर नजर ठेवा. गढूळ झाला तर लगेच पंप लावून पातळी उतरवा.